अजून वेळ हाय

शेटे सर गेल्याचं मला कळलं ते मोबाइलवरच्या 'पंपहाऊस' या ग्रुपवर. हा ग्रुप त्यांनीच काढलेला. त्यावर सुप्रभात नको, फुलं नकोत, पुढाऱ्यांचे वाढदिवस तर मुळीच नकोत, असा त्यांचा दंडक होता आणि आमच्या भागात असूनही तो पाळला जायचा. त्या ग्रुपवर फक्त पंपांविषयीचे निरोप यायचे. सकाळी मी पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी करत होते, हातात काचेची नळी होती, आणि फोन वाजला. मला वाटलं, कुठल्या तरी पंपाचं काही दुखतंय. वाचलं तर आमच्या भागवतमामांनी लिहिलं होतं, 'सर गेले.' एवढंच. मी नळी स्टँडला लावली आणि तशीच उभी राहिले... भानावर आले तेव्हा नळीतला रंग बघायची वेळ उलटून गेली होती, तपासणी पहिल्यापासून करावी लागली. माणूस गेला तरी गावांना पाणी सोडावंच लागतं. सरांनी याबद्दल मला अजिबात बोल लावला नसता.

शिवानंद शेटे कोण, हे वाचकांना सांगायला हवं, कारण पेपरात त्यांचं नाव कधी आलं नाही. का आलं नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. धरणातलं पाणी उचलून, शुद्ध करून, नेकनूर-पाटोद्याच्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांना पुरवणारी आमची एक योजना आहे. गावांची मिळून एक समिती ती चालवते. मी तिथं केमिस्ट, रोज नेकनूरहून बसने जाते. शेटे सर तेलगावचे. घरचं हार्डवेअरचं दुकान, कपाळावर विभूती लावूनच गल्ल्यावर बसणारं घराणं. सर शिकून पुण्याला गेले आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या एका कचेरीत लागले. यंत्रणा बंद पडायच्या आधी तिच्या बारीकसारीक कुरबुरी ओळखायच्या, हे त्यांचं काम. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आले आणि इथलेच झाले. त्याच सुमारास आमच्या योजनेला सरकारकडून सेन्सर, स्क्रीन वगैरे सामान आलेलं होतं आणि ते खोक्यांसकट गोदामात पडून होतं. ते उघडणारा माणूस म्हणून समितीने सरांना घेतलं. खोकी उघडून झाल्यावर हा माणूस पुढे काय करणार, याचा विचार समितीत कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

आमच्या योजनेवर पंप बिघडणं हा एक सणच होता. मोटार जळायची, नळ कोरडे पडायचे, बायका हंडे घेऊन कचेरीवर यायच्या, टँकर सुरू व्हायचे. मग भागवतमामा पंपहाऊसमध्ये शिरायचे. मामा म्हणजे आमचे जुने इलेक्ट्रिशियन. त्यांचा हात खरोखर गुणाचा, त्यात मला शंका नाही. ते घरी जात नसत, भाकरी तिथंच मागवत, कोपरापर्यंत काळे होत आणि मोटार चालू करूनच बाहेर येत. पाणी आलं की पुढच्या रविवारी पंपहाऊसच्या अंगणात सत्कार ठरलेला. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते स्वतः यायचे. मंडप, लाउडस्पीकर, फेटा, शाल, श्रीफळ. आबा मामांना मिठी मारायचे, 'आमचा वाघ' म्हणायचे, फोटो निघायचा. मामांच्या घरी शालींनी भरलेली पत्र्याची पेटी आहे. मामी त्यातल्या शाली लग्नात आहेर म्हणून देतात आणि तरी पेटी रिकामी होत नाही, यावरून पंप किती वेळा बिघडत होते याचा अंदाज वाचकांनीच करावा.

या सणाच्या घरात शेटे सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मामांना विचारलं, "मागची मोटार जळाली, त्याच्या आधी काय झालतं, मामा?"

"आधी? आधी चालू व्हती की."

"चालू होती, पण कशी? आवाज बदललता का? तापायली होती का?"

"तापायली तर लई दिसापासून व्हती."

"मग?"

"मग काय, जळाली."

सर हसले. त्यांच्याशिवाय कुणीही हसलं नाही, कारण यात हसण्यासारखं काय आहे हे कुणाला कळलंच नव्हतं. तापते आणि जळते, जशी माणसं म्हातारी होतात आणि मरतात. मधल्या दिवसांत जाऊन काही करता येतं, ही कल्पनाच नव्हती. "जळायच्या आधी जायचं आपण," सर म्हणाले. मामांनी मान हलवली. "चालत्या पंपाला हात लावायचा न्हाई. माझ्या उस्तादानं सांगितलंय. चालतंय तवर चालू द्यायचं."

सुरुवातीला सरांचंही चुकलंच. सेन्सर बसले, भोंगा बसला, आणि दिवसभर तो भोंगा बोंबलायला लागला. जरा काही इकडंतिकडं झालं की भोंगा. मोबाइलवर इंग्रजी आकड्यांचे निरोप वेगळेच. एक दिवस मामांनी भोंग्याची वायर काढली, व्यवस्थित गुंडाळली आणि खिळ्याला अडकवून ठेवली. मला वाटलं, आता जुंपणार. सर माझ्या प्रयोगशाळेत आले, दारापासच्या लोखंडी स्टुलावर बसले. ते त्यांचं ठरलेलं स्टूल, चहाला आले की तिथंच बसायचे. म्हणाले, "मामांचं बरोबर आहे, मॅडम. उठता-बसता खेकसणारा माणूस घरात असला, की घरचे त्याचं ऐकायचंच सोडतात." त्यांनी बहुतेक सगळ्या सूचना बंद केल्या. ज्या वाचून माणसाने उठून काहीतरी करायचं आहे, तेवढ्याच ठेवल्या. बाकीचं ते स्वतः स्क्रीनवर बघत बसत. आणि मग त्यांनी मामांना शेजारी बसवून निरोपाचे शब्द ठरवले. दोन नंबर पंप तापायलाय हे तुम्ही मला फोनवर कसं सांगाल, असं विचारलं. मामा म्हणाले, "दोन नंबर तापायलाय. अजून वेळ हाय. जाऊन बघा." सरांनी ते तसंच्या तसं यंत्रात घातलं. 'अजून वेळ हाय' या तीन शब्दांवर तर ते फिदाच झाले. पुण्यात आमचे निरोप लाल रंगात यायचे आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा, ते सांगत होते, आणि हे बघा, घाबरवत पण नाही आणि झोपू पण देत नाही.

तरीही कुणी जाईना. मग मामांनीच तोड काढली. "खाली नाव टाका, सर. मशीनचं कोण ऐकायलंय? माणूस बोलला पाहिजे." म्हणून प्रत्येक निरोपाखाली नाव आलं, 'शेटे'. यंत्रच पाठवायचं, सर त्या वेळी तेलगावात दुकानात खिळे मोजून देत असले तरी. पण नाव बघून माणसं उठायची. हे नाव नीट लक्षात ठेवा. पुढं सगळा घात त्यानेच झाला.

हळूहळू फरक पडला. सकाळी आल्या आल्या प्रत्येक पंपाच्या बेअरिंगपाशी उलटा हात लावायचा, लेकराचा ताप बघतात तसा, ही सवय सरांनी सगळ्यांना लावली. सेन्सर असताना हात कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, सेन्सर बिघडला तर हात असावा, आणि शिवाय ज्याला हात लावला त्याची माणसाला काळजी वाटते. ग्रीस वेळेवर पडायला लागलं, मोटार आणि पंप जोडणारं कपलिंग ढिलं होण्याआधी आवळलं जायला लागलं. आणि मग एक चमत्कार झाला, म्हणजे काहीच झालं नाही. उन्हाळा गेला, मोटार जळाली नाही. हंडे आले नाहीत, टँकर आले नाहीत. नळाला पाणी येत राहिलं आणि येणाऱ्या पाण्याबद्दल कोण कुणाला धन्यवाद देतो? मंडप नाही, फेटा नाही, फोटो नाही. मामा गप्प गप्प राहायला लागले. समितीच्या बैठकीत आबांनी विचारलं, "आजकाल तुमी लोक करता तरी काय? पयलं बिचारे रातंदिस राबायचे." सर उभे राहून समजावायला लागले, तर आबा मोबाइलमध्ये बघायला लागले. मी मागे बसले होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण केमिस्टने बैठकीत फक्त पाण्याबद्दल बोलायचं असतं.

त्यानंतरचा प्रसंग तर मी जन्मात विसरणार नाही. बेअरिंग बदलण्यासाठी सरांनी एक पंप एका दिवसासाठी बंद ठेवला. आधी गावागावांत कळवलं होतं, दवंडीसुद्धा दिली होती. एकच दिवस पाणी नव्हतं. पण काय गहजब झाला! मोटार जळून आठवडाभर पाणी नसलं की लोक नशिबाला, फार तर सरकारला शिव्या देत. हा एक दिवस मात्र शेटे सरांच्या नावावर जमा झाला. लोक तेलगावात त्यांच्या भावाच्या दुकानावर जाऊन बोलून आले. आबांनी सगळ्यांसमोर झापलं, "चालता पंप बंद कावून केला? बंद पडला असता तर लोकाला सांगता तरी आलं असतं!" हे वाक्य मी दोनदा वाचायला सांगेन. आमच्या सार्वजनिक आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान त्यात आहे. सरांनी हात जोडले, चुकलं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा हात लावत पंपाभोवती फिरू लागले. त्यांचा हा सोशिकपणा मला कधीच आवडला नाही. चांगल्या माणसांनी थोडं ओरडावं, असं माझं मत आहे.

पुढच्या उन्हाळ्यात एक नंबरची मोटार जळाली. पुन्हा हंडे, पुन्हा टँकर, पुन्हा मामा कोपरापर्यंत काळे, आणि रविवारी सत्कार. या वेळी तर बँड होता. बऱ्याच काळाने आलेला सण असल्यामुळे आबांचं भाषणही लांबलं. सर शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन स्टुलावर बसले. मी चहा टाकला. कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "मामांना निरोप गेलता, मॅडम. एकदा नाही, रोज जात होता. त्यांनी वाचलेलाही दिसतोय."

मी संतापले. समितीला सांगा, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"काय सांगू? ते मुद्दाम नाही बसले. फक्त उठले नाहीत. उठले असते तर काय मिळालं असतं? न जळलेल्या मोटारीसाठी आपण कुणाला कधी काय दिलंय?"

 पुढे काही महिन्यांनी, सुट्टी नाही, सण नाही अशा एका दिवशी, मामांनी सकाळी हात लावून तीन नंबरचं बेअरिंग जायला आलंय हे ओळखलं आणि दुपारपर्यंत बदलूनही टाकलं. गावात कुणाला पत्ताही लागला नाही. सर तेलगावला जाऊन आले. येताना पिशवीत काहीतरी होतं. मला म्हणाले, चला जरा पंपहाऊसमध्ये. मामा हात पुसत होते. सरांनी पिशवीतून एक साधी तपकिरी शाल काढली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. पंपांच्या घरघरीत, ग्रीसच्या वासात, आम्ही तिघंच.

मामा गडबडले. "कावून, सर? आज काय झालंय?"

"काही न्हाई झालं," सर म्हणाले. "त्यासाठीच."

मामांनी चिंध्या हातातच धरल्या होत्या. शालीला काळं लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत मामांचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले. ती शाल पेटीत गेली नाही. थंडीत ते ती अंगावर घेऊन कामावर यायचे. त्या दिवसापासून निरोप आला आणि मामा उठले नाहीत, असं झालं नाही. सर असेपर्यंत एकही मोटार जळाली नाही आणि अर्थातच एकही सत्कार झाला नाही.

सरांच्या आजाराबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण शोकसभेत आबांनी ती खोटी सांगितली. आबा म्हणाले, यंत्रांची नाडी बघणाऱ्या माणसाला स्वतःची नाडी बघायला वेळ मिळाला नाही. लोकांनी उसासे टाकले. वाक्य छान आहे, पण साफ खोटं आहे. दरवर्षी न चुकता रक्त तपासून घेणारा आमच्या योजनेवरचा हा एकटाच माणूस होता. आम्ही सगळे त्यावरून त्यांना चिडवायचो. पोटात खोलवर त्यांना जो आजार झाला, तो शेवटपर्यंत काही सांगतच नाही. सगळ्याच गोष्टी आधी निरोप पाठवत नाहीत. ज्या पाठवतात त्यांचं तरी ऐकावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि एवढ्यासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं आमच्यासारख्या माणसांवर घालवली.

मामा आणि मी त्यांना भेटायला तेलगावला गेलो, ती शेवटची भेट. दुकानामागच्या खोलीत पलंग होता, सरांचं फक्त नाक आणि डोळे उरले होते. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांना उशीला टेकवून बसवलं. बसल्या बसल्या विचारलं काय, तर "दोन नंबर कसा आहे?" दोन नंबर जुना झालाय, बदलायला हवा, हे ते वर्षभर समितीला सांगत होते. मामा म्हणाले, बरा हाय. मग सर म्हणाले, "मामा, निरोपाखालचं माझं नाव आता बदलून घ्या. तुमचं टाका."

"तुमी हायत तवर तुमचंच," मामा म्हणाले.

"म्हणून तर म्हणतोय," सर म्हणाले. "अजून वेळ हाय."

हे ते हसत म्हणाले. मामांना मात्र रडू आवरेना, म्हणून तो विषय तिथंच राहिला. वहिनी मला निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. "ताई, झोपेत पण पंपाचंच बोलतेत हो," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर ते दोन शब्द आले.

लिंगायत रिवाजाप्रमाणे सरांना बसवून माती द्यायची होती. कपाळभर विभूती लावलेले, मांडी घातलेले सर तसे बघवत नव्हते... स्क्रीनपुढे खुर्चीवरही ते असेच मांडी घालून बसायचे. सगळी योजना तेलगावात आली होती. आबाही होते. बेलाची पानं वाहून झाली, लोक मूठ मूठ माती टाकायला लागले आणि त्याच वेळी आमच्या सगळ्यांच्या खिशांतले फोन एकदम वाजले. मी पर्समधून काढून वाचलं. 'दोन नंबर तापायलाय. अजून वेळ हाय. जाऊन बघा. शेटे.'

त्या क्षणी कुणाला काय वाटलं असेल ते मी समजू शकते. माझ्याही अंगावर काटा आला. पंपावरचा एक ऑपरेटर खड्ड्यापासून मागे सरला. कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. मामांनी फोन वाचला, सरांकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला. कुणीही गेलं नाही. उलट त्या निरोपाखाली एकेकाने हात जोडल्याची चित्रं टाकली. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'सर परत या'. पंप बघा म्हणून सांगणाऱ्या निरोपाला लोक श्रद्धांजली वाहत होते. मी परतीच्या जीपमध्ये मामांना म्हटलं, निदान आता तरी जा. ते म्हणाले, "मातीहून आलेल्या पायानं पंपाला कसा हात लावू, मॅडम? उद्या बघतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप आला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या निरोपावर जाणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या बोलावण्यावर जाणं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आणि एकट्या मामांच्याच नव्हे. ऑपरेटर मंडळी स्क्रीनच्या खोलीत पाय टाकेनात.

समितीची बैठक झाली. मी न विचारता बोलायला उठले. म्हटलं, यंत्र तेच आहे, निरोप तेच आहेत, फक्त खालचं नाव बदला, यंत्राच्या कंपनीला फोन करून विचारलंय मी, किरकोळ काम आहे. मामांचं टाका. मामा हात जोडून म्हणाले, "मेल्या माणसाच्या जागी माझं नाव नका टाकू, लेकरंबाळं हायत मला." दुसऱ्या कुणाचं नाव विचारलं तर सगळे खाली बघायला लागले. मग मी म्हटलं, माझं टाका. मला कशाचीही भीती नाही.

आबा हसले. वाईट हेतूने नाही, अगदी प्रेमाने हसले. "मॅडम, बाईचं नाव बघून पंपावर कोण जाईल?"

बिननावाचं तरी चालू ठेवा म्हटलं, तर आबा म्हणाले, मशीनचं कोण ऐकतंय. तेव्हा हा अपशकुन सध्या बंदच ठेवावा, असं एकमताने ठरलं. एकमताने, कारण केमिस्टला मत नसतं. स्क्रीनची आणि निरोपाच्या यंत्राची वायर काढली गेली आणि कुणीतरी ती गुंडाळून खिळ्याला अडकवली. मी रोज सकाळी बसमधून उतरले की आधी पंपहाऊसमध्ये जाऊन दोन नंबरला उलटा हात लावायचे. तो तापत चालला होता. मी रोज सांगत होते, पण दोन नंबरजवळ जायला मामाही धजत नव्हते. पंप थांबवायचा अधिकार मला नाही, आणि चालता पंप बंद करायची काय किंमत असते हे सगळ्यांना माहीत होतं. एका दुपारी जळक्याचा वास माझ्या प्रयोगशाळेपर्यंत आला. मला खिडकीतून बघायचीही गरज वाटली नाही.

बाकीचं वाचकांना आता पाठ झालं असेल. हंडे आले, टँकर आले. नेकनूरला माझ्या शेजारच्या गरोदर पोरीला दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर आणताना मी बघितलं. मामा आत शिरले आणि कोपरापर्यंत काळे होऊन बाहेर आले. गेल्या रविवारी सत्कार झाला. सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहून शेटे सरांना आदरांजली वाहण्यात आली. आबा गहिवरून म्हणाले, "आज शेटे सर असते, तर पंप बंद पडल्याबरोबर धावत आले असते." मी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसले. आख्ख्या कार्यक्रमात त्यांच्याविषयी बोललेलं हे एकच वाक्य, आणि तेही नेमकं उलटं. पंप बंद पडल्यावर धावणारे आमच्याकडे खूप होते हो, आबा. मग मामांचं नाव पुकारलं गेलं. मामा वर गेले, वाकले, शाल घेतली, फोटो काढून घेतला. त्यांची ती तपकिरी शाल त्या दिवशी अंगावर नव्हती.

मंडप उतरवत होते तेव्हा मामा माझ्या प्रयोगशाळेच्या दारात आले. सोनेरी काठाची नवी शाल काखेत होती, फेटा अजून डोक्यावर. मला त्यांच्याशी बोलायची इच्छा नव्हती, आणि ते मी लपवलंही नाही. ते म्हणाले, "मॅडम, सरांचा तो मातीच्या दिवशीचा निरोप हाय का तुमच्याकडं? मी भेऊन ग्रुपच काढून टाकला." मी फोन पुढे केला. मामांना वाचायला वेळ लागतो. स्टुलापाशी उभं राहून, ओठ हलवत, एकेक शब्दावर बोट ठेवत त्यांनी तो वाचला. 'दोन नंबर तापायलाय. अजून वेळ हाय. जाऊन बघा.' नावावर बोट थांबलं, मग ते परत मागे आलं, मधल्या तीन शब्दांवर.

"वेळ व्हता, मॅडम," ते म्हणाले.

माझ्याकडून काही ऐकायला ते थांबले नाहीत. फोन परत दिला, काखेतली शाल सरांच्या स्टुलावर ठेवली आणि खाली मान घालून निघून गेले. विसरले म्हणावं तर दुसऱ्या दिवशीही न्यायला आले नाहीत. ती शाल अजून तिथंच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. चहाच्या वेळी मी दुसरीकडे तोंड करून बसते. उचलून ठेवीन एखाद्या दिवशी, पण ती द्यायची कुणाला?